कच्चा लिंबू नको

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांचे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा बोलणे, शाळा, झोप, खाणे असे सगळे विषय झाल्यावर, बहुधा उठता उठता, एक प्रश्न विचारतात : "मॅडम, याला कधी मित्र होतील का हो?" मुलाने नजरेला नजर द्यावी, हसून 'हाय' म्हणावे, म्हणजे मैत्री आपोआप जुळेल, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. मैत्रीला मात्र दोन बाजू असतात आणि आपण सगळी शिकवणी एकाच बाजूला लावतो, असे माझे ठाम मत आहे.

ओंकार (नाव व तपशील बदलले आहेत) नऊ वर्षांचा. त्याची आई सांगत होती, "सोसायटीतली मुलं फार गुणी आहेत. लगोरीत त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतात. पण हल्ली हाच मध्येच लगोरी पाडतो, ओरडतो आणि घरी पळून येतो."

मी ओंकारसमोर लाकडी चकत्या ठेवल्या. सर्वांत मोठी खाली, अशा क्रमाने तो त्या रचू लागला.

"चेंडू लागला की काय होतं?" मी विचारले.

"आउट."

"आणि तुला लागला की?"

बराच वेळ उत्तर आले नाही. अशा वेळी प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारण्याचा मोह पालकांना आवरत नाही; मी गप्प बसले. शेवटची चकती ठेवून, वर न बघताच तो म्हणाला, "मला लागतो. ते आउट म्हणत नाहीत. म्हणजे मी खेळतच नाही."

आई म्हणाली, "आणि मी त्या पोरांना रोज थँक्यू म्हणत होते."

ज्याला आम्ही सगळे आकांडतांडव समजत होतो, ती त्याची रास्त हरकत होती. मुलांनी चांगुलपणानेच त्याला खेळाबाहेर ठेवले होते आणि त्यांच्या ते लक्षातही आले नव्हते. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, असे सर्रास म्हटले जाते. पण इतरांनाही तिचे मन तितकेच कळत नाही, हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडले. माझे काम त्याच विचारावर उभे आहे. त्याच वर्षी अमेरिकेत कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी 60 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वमग्न मुलाला एकट्याला धडे देण्यापेक्षा त्याच्या वर्गातल्या मुलांना तयार केल्याचा फायदा त्यात अधिक दिसला.

त्यामुळे पुढच्या वेळी, ओंकारला आणि सर्वांच्या पालकांना विचारून, मी सोसायटीतल्या तिघा-चौघांना बोलावले. लगोरीचे नियम कागदावर लिहा, एवढेच सांगितले, तर त्यांचेच आपापसांत जुंपले, कारण फुटलेली लगोरी कुठवर रचायची यावर दोघांचे एकमत होईना. अखेर ओंकारने सात ओळींत नियम लिहिले. एका मुलाने शंका काढली, "पण तो आउट झाला की रडेल." ओंकार म्हणाला, "रडेन. मग परत येईन."

मुलांना मी मोजक्याच गोष्टी सांगितल्या : नियम बदलायचा असेल तर डाव सुरू होण्याआधी सांगा, नाव घेऊन बोला आणि उत्तराला वेळ द्या, त्याने कान झाकले तर ओरडणे थांबवा, त्याच्या मागे धावू नका. ओंकारकडून घोटून घेतलेले वाक्य एकच : "मी पाच मिनिटं बाहेर बसतो."

पालकांना माझे सांगणे असे की, सुरुवात वाढदिवसाच्या गोंगाटात न करता एकाच मुलाला घरी बोलावून, अर्ध्या तासासाठी, ठरलेल्या कामाने करावी. ठोकळे, चित्रे, भेळ कालवणे, जे आपल्या मुलाला मनापासून आवडते ते. दोघे शेजारी बसून आपापले काही करत राहिले तरी भेट फुकट गेली असे समजू नये. नजरेला नजर देण्याची सक्ती सोडून द्यावी, कारण पुष्कळ मुलांना खाली बघत असतानाच नीट ऐकू येते. आणि एखादे मूल शाळेत शहाण्यासारखे वागून घरी आल्यावर रोज कोसळत असेल, तर ते दिवसभर स्वतःला दाबून ठेवत आहे का, हे पाहावे. अशा मुलाला संध्याकाळी मैदानावर पिटाळण्यापेक्षा तासभर एकटे राहू देणे अधिक गरजेचे असते.

ओंकार आता आउट होतो, बहुतेकदा चिडतो आणि मोठ्या गटात अजूनही फार वेळ टिकत नाही. त्याच्या आईला मी सध्या एकाच मुलावर लक्ष ठेवायला सांगितले आहे : नियमांवरून त्याच्याशी सर्वांत जास्त भांडणाऱ्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला घरी बोलवा.