‘सोडी दे!’ : रग्बीचा हंगाम आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आमच्या मुलींचा लंबगोल चेंडूसोबतचा फोटो छापून आला. खाली संपादकांनी चौकट टाकली होती : ‘रग्बीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा.’ पत्रं इतकी येतील असं वाटलं नव्हतं. मी अमळनेरला शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. अठरा वर्षं कबड्डी खेळले, डावा कोपरा. गेली काही वर्षं गावातला रग्बीचा हौशी क्लब बघते, एक संघ मुलांचा, एक मुलींचा. हंगाम नुकताच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपला, त्यामुळे सगळं ताजं आहे.

फोटो छान होता, पण यंदा तुमचे संघ जिंकले की हरले ते कुठेच लिहिलं नव्हतं. – एक वाचक, पारोळा

मुलं अकरा सामने खेळली, चार जिंकले, सात हरले. मुली आठ खेळल्या, पाच जिंकल्या. सगळे सामने सेव्हन्सचे, म्हणजे सात जणांच्या रग्बीचे : सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. चौदा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. पण पंधरा जणांच्या रग्बीला जेवढं मैदान लागतं तेवढ्याच मैदानावर इथे सात जण पळतात, आणि एका दिवसात तीन सामने असतात. तिसऱ्या सामन्याला पोरांचे पाय लाकडाचे झालेले असतात.

आमचा हंगाम पोळ्यानंतर उभा राहतो. त्याआधी पावसात काळ्या मातीत पळणं शक्यच नाही, बुटाला एवढे गोळे चिकटतात की पाय उचलेना होतो. तेव्हा बोरी नदीकाठच्या मुरमाड तुकड्यावर नुसते पास देत राहायचं. दिवाळीच्या आगेमागे अर्धा संघ कापूस वेचायला. चोपड्याकडचे दोघं केळीच्या गाड्या भरायला जातात. त्या महिन्यात सरावाला नऊ जण दिसले तरी मला बरं वाटतं.

मुलींचा एक पराभव मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुण्याला 10–12 असा हरलो. दोन्हीकडे दोन-दोन ट्राय. ट्राय म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला दाबून टेकवायचा, त्याचे 5 गुण. मग गोलच्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू मारायची संधी मिळते, त्याचे 2. पण ही लाथ, चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतूनच मारावी लागते. आमच्या मुलीपुढे मोकळं मैदान होतं, मागे दहा पावलांत कोणी नव्हतं, आणि तिने आनंदाच्या भरात चेंडू अगदी कोपऱ्यात टेकवला. आणखी वीस पावलं आत पळाली असती तर खांब समोर आले असते. कोपऱ्यातून मारलेली लाथ खांबाच्या बाहेरून गेली. दोन गुण तिथे राहिले. रात्री एसटीत ती मला म्हणाली, “मॅडम, मला वाटलं टेकवला की झालं.” पुढच्या सोमवारपासून तिने स्वतःच फक्कीने कोपऱ्यापासून खांबापर्यंत रेघ मारली आणि रोज त्या रेघेवरून पळायला लागली. शेवटच्या स्पर्धेत तिचे तीनही ट्राय खांबांच्या मधोमध होते.

तुम्ही स्वतः कबड्डीच्या. मग आपल्या मातीतला खेळ सोडून कबड्डीची तयार पोरं या परदेशी खेळाकडे का नेता? – एक कबड्डी प्रशिक्षक, धुळे

सर, तुमचा राग मला कळतो, कारण मीही तो पाच वर्षं केला. आधी एक सांगते, मी कोणाची कबड्डी सोडवत नाही. आमची मुलं गणपतीतल्या कबड्डी स्पर्धा आजही खेळतात.

परदेशी म्हणाल तर खेळ इंग्लंडचा, हे खरंच. पण त्याचं आपल्याशी जुनं नातं आहे. कलकत्त्याच्या एका फुटबॉल क्लबात 1870 च्या दशकात रग्बी खेळली जायची. तो क्लब बंद करायची वेळ आली तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, 270 रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. झाकणावर हत्ती, कड्या तीन नागांच्या. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून आजपर्यंत त्याच कलकत्ता चषकासाठी खेळतात.

आता मूळ मुद्दा. कबड्डीत मैदानावर सात, राखीव पाच. सेव्हन्समध्येही मैदानावर सात, राखीव पाच. कंबर पकड, मांडी पकड आपल्या पोरांना शिकवावी लागत नाही. बचावात सगळ्यांनी एका ओळीत पुढे यायचं असतं, ते साखळी खेळलेल्याला आपसूक येतं. म्हणून पहिल्या वर्षी मला वाटलं, आपलं काम सोपं आहे.

यंदा ऑक्टोबरात नाशिकला पहिल्याच सामन्यात 5–29 असा मार खाल्ला. तो सामना मी रात्री मोबाइलवर चार वेळा बघितला. आमच्या पोरांनी पकडी उत्तम केल्या होत्या. पाडलेही. पण पाडल्यावर सोडतच नव्हते! तुम्हाला सांगायला नको, कबड्डीत पकड सुटली की गुण गेला, चढाईवाला सरपटत मध्यरेषेला बोट लावतो आणि चार जण बाद. लहानपणापासून आपण पोरांना एकच ओरडतो, धर, सोडू नको. रग्बीत नेमकं उलट आहे. धावणाऱ्याला पाडलं आणि दोघं जमिनीवर आले की पाडणाऱ्याने तत्क्षणी हात सोडायचे, बाजूला व्हायचं, मग उठून पायावर उभं राहून चेंडूला हात घालायचा. पडलेल्यानेही चेंडू सोडायचा. न सोडणाऱ्याविरुद्ध पेनल्टी. त्या एका सामन्यात असल्या नऊ पेनल्ट्या आमच्याविरुद्ध गेल्या. वर एकाला पिवळं कार्ड, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. चौदा मिनिटांच्या खेळात दोन मिनिटं सहा जणांनी खेळणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या.

मग एक युक्ती काढली. पकड करून पाडायचं, पडल्या पडल्या एक टाळी वाजवायची आणि मगच चेंडूकडे जायचं. टाळी वाजायची तर दोन्ही हात मोकळे व्हावेच लागतात. पहिल्या आठवड्यात पोरं चिडली. आमचा धरणगावकडचा एक गडी आहे, डाव्या कोपऱ्यात त्याच्या तावडीतून कोणी सुटलेलं मी पाहिलं नाही. तो मला म्हणाला, “मॅडम, बोटं ऐकतच नाहीत.” मी त्याचे हात बघितले. खरंच, पाडल्यावरही मनगटाच्या शिरा टरारलेल्या, नखं समोरच्याच्या जर्सीत रुतलेली. त्याच्यासाठी मी रेषेबाहेरून अहिराणीत ओरडायला लागले, “सोडी दे!” मराठीत सांगून जे होत नव्हतं ते त्या दोन शब्दांनी झालं. घरी आजी लहान लेकराच्या हातातून विळा काढून घेताना हेच म्हणते ना. दोन महिन्यांत सगळा संघ एकमेकांना ओरडू लागला. जानेवारीत त्याच नाशिकच्या संघाला आम्ही 17–12 असं हरवलं. पाडल्यावर न सोडल्याची एकही पेनल्टी नाही. शेवटचा ट्राय त्या धरणगावच्या गड्यानेच काढून दिला : पाडलं, सोडलं, उठला, चेंडू उचलला, डावीकडे पास.

सर, तुम्ही एकदा सरावाला या. पकडीतले बारकावे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहेत आणि मला ते हवे आहेत.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, रग्बी खेळायचं म्हणतो. मला भीती वाटते. डोक्याला लागलं तर? – एक आई, पाचोरा

ताई, भीती वाटणं बरोबर आहे. लागत नाही असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही.

फेब्रुवारीत एका स्पर्धेत आमच्या एका मुलाने कबड्डीच्या सवयीने समोरून घोट्यावर झेप घेतली. कबड्डीत चढाईवाला अंदाज घेत घेत येतो. इथे समोरचा भरधाव येत असतो. मुलाचं डोकं त्याच्या गुडघ्यावर आपटलं. लगेच उठला, म्हणाला, काही झालं नाही. पण मिनिटभरात मला दोनदा विचारलं, “पहिला डाव चालू आहे की दुसरा?” मी त्याला बाहेर काढलं. त्या दिवशी त्या स्पर्धेत मैदानावर डॉक्टर नव्हता. रिक्षाने दवाखान्यात नेलं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी परत मैदानात नाही, हा या खेळाचा नियमच आहे. तो रडला, वडील माझ्यावर रागावले, कारण दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. तो सामना आम्ही हरलो. मुलगा तीन आठवडे पूर्ण बाहेर राहिला, डॉक्टरांनी लेखी दिल्यावरच परत आला. आयोजकांना मी पत्र लिहून कळवलं आहे की डॉक्टर आणि गाडी मैदानावर नसेल तर आमचा संघ उतरणार नाही. हे मी पाळणार.

आमच्याकडे नवीन मूल आलं की पहिले दोन महिने पकडच नाही. नुसतं शिवायचं, पळायचं, पास द्यायचा, आणि तो पास कधीही पुढे नाही, आडवा नाहीतर मागे. त्यानंतर गुडघ्यावर बसून पकड, मग चालत, मग धावत. दर वेळी एकच गोष्ट तपासते : डोकं कुठे आहे. ते धावणाऱ्याच्या पुढ्यात नाही, त्याच्या मागच्या बाजूला हवं, गाल त्याच्या कमरेखाली टेकलेला. खांद्याच्या वर पकडायला बंदी आहे. तुम्ही स्वतः सरावाला येऊन बसा, दोन-चार दिवस बघा, मग ठरवा.

खर्च किती येतो? – एक विद्यार्थी, एरंडोल

चेंडू क्लबचे. फुटबॉलचे स्टडवाले बूट चालतात, थोरल्या भावाचे असले तरी. दातांसाठी माउथगार्ड मात्र स्वतःचंच हवं, ते उसनं घेता येत नाही. उकळत्या पाण्यात टाकून मऊ करायचं आणि दातांत दाबून धरायचं, की आपल्या दातांचा ठसा बसतो. आमच्या एका मुलीच्या आईने चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून संघातल्या सगळ्यांची ओट्यावर एका ओळीत बसवून दिली. आमचे खांब बांबूचे आहेत, पण माप पक्कं : मधलं अंतर 5.6 मीटर, आडवी काठी 3 मीटरवर.

या खेळात पुढे काही आहे का? – अकरावीतली एक मुलगी, चोपडा

आहे. सेव्हन्स 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, मुलींचंही. भारताच्या मुलींनी पंधरा जणांच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय 2019 मध्ये सिंगापूरविरुद्ध मिळवला, 21–19 असा. देशाच्या संघात ओडिशा, बिहारच्या खेड्यांतल्या मुली दिसतात. नोकरीची खात्री मी तुला देऊ शकत नाही, आणि कोणी दिली तर विश्वास ठेवू नकोस. अकरावी सांभाळून ये.

मी शाळेत कबड्डी खेळायचे. आता चोवीस वर्षांची आहे, दोन वर्षांचं बाळ आहे. आता काय खेळणार, असं सगळे म्हणतात. – एक वाचक, शहादा

यंदा आखाजीला आमची एक जुनी खेळाडू माहेरी आली होती. गेल्या वर्षी लग्न झालं, तेव्हापासून चेंडूला हात नाही. सकाळी सहाला, ऊन तापायच्या आत, आमचा हंगामातला शेवटचा सामना होता, मुलींमुलींतच दोन संघ करून. ती झोक्यावरून उठून तशीच आली, हातावरची मेंदी अजून ओली वाटावी अशी लाल. बांगड्या काढून आईच्या पदरात ठेवल्या, कोणाचे तरी बूट घातले. पहिल्याच पकडीला तिने समोरचीला पाडलं आणि धरूनच ठेवलं. रेषेबाहेरून तिची आईच ओरडली, “सोडी दे वो माय!”

तुमच्यासारख्या आणखी दोघी आमच्याकडे येतात. शहादा लांब पडतं, रोज जमणार नाही, रविवारी या. पोळ्यानंतर सराव सुरू होईल. बाळाला सोबत आणा. फक्कीच्या रेषेबाहेर लिंबाखाली सतरंजी टाकलेली असते, आणि तिथे कोणाची ना कोणाची आजी असतेच.