‘इतकी वर्षं घातली, आता कसं सोडू?’

समुपदेशनाला येणाऱ्या पीएचडीच्या मुलामुलींकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मला आधीच कळतं. परवा पुन्हा कुणीतरी म्हणालं आणि ती आठवली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

ती ग्रीक-रोमन पुरातत्त्वाची. ग्रीक आणि लॅटिन पक्की, शिवाय वाचण्यापुरती जर्मन, फ्रेंच, इटालियन. उन्हाळे उत्खननात, उरलेलं वर्ष खापरांच्या नोंदींत. सहावं वर्ष, प्रबंध अर्धा.

“मला प्राध्यापकच व्हायचंय. जागा मोजक्या. नाही झाले तर सगळं वाया.”

माझा कान त्या ‘च’वर. परिस्थितीपेक्षा हा ‘च’ माणसाला जास्त छळतो, हे माझं जुनं मत. पण तसं सांगितलं असतं तर तिने ते मुकाट वहीत उतरवून घेतलं असतं. म्हणून चौथ्या भेटीत मी भलतंच विचारलं, “खणताना घाई केली तर काय होतं?”

“श्लीमन होतं, मॅडम!” ती पहिल्यांदाच हसली. हाइनरिश श्लीमन हा एकोणिसाव्या शतकातला हौशी जर्मन उत्खनक. त्याला ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातलं, ट्रोजन युद्धाचं शहर ट्रॉय हवं होतं. ते अगदी तळाशी असणार, अशी त्याची समजूत. तुर्कस्तानातल्या हिसारलिकच्या टेकडीत त्याने भलामोठा चर खणला, वरचे थर उपसून टाकले. 1873 मध्ये सोनं सापडलं. त्याने त्याला ट्रॉयच्या राजाचा, प्रायमचा खजिना म्हटलं. तो निघाला ट्रोजन युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजारभर वर्षं जुना.

“मग जे हवं होतं ते?”

“त्यातलं बरंच वाटेतच उपसलं त्याने...” ती थांबली. मीही गप्प. (गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली.) मग हळूच म्हणाली, “सहा वर्षांत मी काय केलं, ते मी कुठे नोंदवलंच नाही.”

पुढच्या भेटीला यादी घेऊन आली: तुकड्यावरून भांड्याचा काळ ओळखणं, थरांचे आराखडे, नवख्यांना चरात शिकवणं. तीन पानं!

तुम्हीही इथे अडकला असाल तर ‘सोडू की नको’ महिनाभर बाजूला ठेवा. आधी अशी यादी करा. मार्गदर्शकांकडून उरलेल्या कामाच्या तारखा लेखी घ्या, ‘बघू’वर उठू नका. आणि गेलेली वर्षं हिशेबात धरू नका. राहिलात काय, सोडलंत काय, ती परत येणार नाहीत. आजपासूनची दोन वर्षं यात घालावीशी वाटतात का, एवढं विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तरी चालतं.

तिचं ‘हो’ आलं. प्रबंध झाला, आता ती एका संग्रहालयात खापरांचा साठा सांभाळते. मध्यंतरी मेल आला, “प्राध्यापकपदासाठी यंदा एकच अर्ज केलाय.”

हा ‘च’ मी सोडून दिला.