टीव्हीवर खेड्यातली बाई नेहमी चुलीपाशीच का दाखवतात? स्त्रीवादी सिद्धांत याबद्दल काय म्हणतो?

सिद्धांताचं आधी उरकून घेते, ते कुठल्याही गाईडमध्ये मिळेल. ब्रिटिश सिनेअभ्यासक लॉरा मल्वीनं 1975 च्या निबंधात मांडलं की सिनेमाचा कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यानं बघतो आणि बाई बघायची वस्तू होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गे टकमननं 1978 ला म्हटलं की माध्यमं बाईला एकतर दाखवतच नाहीत, दाखवलंच तर क्षुल्लक करून नाहीतर नावं ठेवून. एम.ए.ला सगळे मल्वीवर लिहायचे. मला टकमन पटते. आमच्याकडे कोणी टक लावून बघतंय अशी तक्रार करायची वेळच येत नाही, कॅमेरा आमच्यावरून सरळ पुढं निघून जातो.

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात आमचं वावर आहे. नवरा बुटीबोरीला कंपनीत, आला तर रविवारी येतो. बियाणं कोणतं घ्यायचं, डवरणीला बैल कोणाचे सांगायचे, निंदणाला बाया किती, सगळं माझ्याकडे. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली, तेव्हा एका वाहिनीची गाडी वावरात आली. मी वेचा करत होते. ओटीत कापूस कमी, कवडी, म्हणजे किडका कापूसच, जास्त.

वाहिनीचा पोरगा विचारतो, "ताई, शेतकरी कुठे आहेत?"

"मीच."

"नाही, म्हणजे मालक?"

माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, यवतमाळला राहतात. तुळशीच्या लग्नाला आले होते, ते धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आले. झालं. माईक त्यांच्या हातात. ही अळी बोंडाच्या आत शिरून सरकी खाते, वरून बोंड चांगलं हिरवंगार दिसतं, फोडल्याशिवाय काही कळत नाही. भासऱ्यांनी न फोडलेलं बोंड कॅमेऱ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "पाहा, काय हाल झाले." पाच पावलांवर मी उभी, हातात फोडलेलं बोंड, त्यात अळी वळवळते आहे. कॅमेऱ्याला ती हवी नव्हती.

मग "ताईंचं पण एक दृश्य घेऊ" म्हणून घरी आले. आत गॅस आहे. अंगणातली चूल आंघोळीच्या पाण्याची. पोरगा म्हणाला, इथंच बसा, पदर घ्या, फुंकणी धरा, काहीतरी रांधत असल्यासारखं करा. गंजात पाणी होतं, तेच पळीनं हलवलं. सासूबाई दारात उभ्या राहून हसत होत्या.

रात्री बातमी लागली. भासरे "हवालदिल शेतकरी" आणि लगेच माझ्या तोंडाखाली "शेतकऱ्याची पत्नी". म्हणजे वाहिनीनं एका मिनिटात माझं वावरही भासऱ्यांना दिलं आणि मलाही! गावात महिनाभर तोच विषय. भासऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांनी फक्त स्वतःलाच पाहिलं असावं.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या हिश्श्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव चढवायचं निघालं. भासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत. सासूबाईंना म्हणाले, "टीव्हीवाल्यायलेबी समजलं कास्तकार कोन हाय ते, हिलेच नाई समजत." तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. टीव्हीवरचं चित्र टीव्हीवर राहत नाही, घरातल्या भांडणात पुरावा म्हणून येतं.

आणि हे सगळं विलायतेतून शिकायची गरज नाही. ताराबाई शिंदे आमच्या विदर्भातल्या, बुलढाण्याच्या. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून पुण्याच्या वर्तमानपत्रात बायकांवर चिखलफेक झाली, तेव्हा त्यांनी 1882 ला 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. त्यात वर्तमानपत्रालाही सुनावलं आणि तेव्हाच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांच्या चित्रणालाही. मल्वीच्या 93 वर्षं आधी! ज्या 1975 ला मल्वीचा निबंध आला, त्याच साली स. गं. मालशांनी ताराबाईंचं पुस्तक पुन्हा उजेडात आणलं. पण परीक्षेत विचारतात मल्वी.

2015-16 च्या कृषिगणनेत शेतीचा कारभार ज्यांच्या नावावर, त्यांत बायका जेमतेम 14 टक्के. राबणाऱ्या किती, ते कोणत्याही वावराच्या धुऱ्यावर उभं राहून मोजा. जाहिरातीत आता भांडी घासणारा नवरा अधूनमधून दिसतो म्हणे. आमच्या बसथांब्याच्या भिंतीवर कीटकनाशकाचा मिशीवालाच आहे अजून.

म्हणून सांगते, निबंध लिहून झाला की आपल्या आईचं नाव सातबाऱ्यावर आहे का ते बघा. लक्ष्मी मुक्तीचं सरकारी परिपत्रक 1992 पासून आहे, नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज नवऱ्यानंच करायचा ही त्यातली गोम. जमिनीचं खातं भावाभावांत एकत्र असेल तर आधी वाटणी करून घ्या, नाहीतर तलाठी परत पाठवतो.

सगळेच वार्ताहर तसे नसतात, तो पोरगाही वाईट नव्हता, उपाशी होता, त्याला भाकर दिली. आणि मालिकांना शिव्या देणारी मीही संध्याकाळी तुरीची डाळ निवडत त्याच मालिका बघते, सासूबाईंसोबत.

माझं नाव लागलं, नवऱ्यानं अर्ज केला. भासरे हे वाचणार नाहीत, पण त्यांची सून मोबाईलवर सगळं वाचते. वाचलंस तर दाखव गं त्यांना. आणि बोंड फोडून बघायचं असतं, हेही सांग.