तीन सेकंदांची शांतता आणि इतर प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे सामाजिक चिंतेविषयीची, म्हणजे चारचौघांत वावरताना वाटणाऱ्या धास्तीविषयीची आहेत आणि त्यांतल्या तिघांना लोकांसमोर असताना वेळेचा अंदाज का चुकतो, हे जाणून घ्यायचे आहे. नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारमध्ये प्रश्न आला आणि मी अडखळलो. मिनिटभर तरी गप्प उभा होतो असे वाटले. मित्राने मोबाइलवर केलेले चित्रीकरण पाहिले, तर ती शांतता जेमतेम तीन सेकंदांची निघाली. माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का?

बिघाड नाही. उलट तुमच्या हाती चित्रीकरण आहे हे बरेच झाले, कारण बहुतेकांना असा पुरावा कधी मिळतच नाही.

किती वेळ गेला हे मोजणारे, डोळ्याकानांसारखे वेगळे इंद्रिय आपल्याला नाही. मानसशास्त्रातल्या एका जुन्या कल्पनेनुसार मेंदूत जणू ठोके देणारी एक आणि ते साठवणारी दुसरी अशा दोन यंत्रणा असतात. जितके ठोके साठतील तितका वेळ गेल्यासारखा वाटतो. छाती धडधडू लागली की मेंदूतले हे ठोके जलद पडतात आणि त्यात लक्ष वेळेकडेच लागलेले असेल, तर एकही ठोका निसटत नाही. असे घड्याळ मेंदू उघडून कोणी दाखवलेले नाही, पण तुमचा अनुभव समजून घ्यायला ही कल्पना पुरेशी आहे.

शांतता तुम्हाला खटकली यातही नवल नाही. दहा भाषांतील संभाषणांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढे आढळले होते. त्या मानाने तीन सेकंद पुष्कळच झाले. मात्र प्रश्नोत्तरांत थांबलेला माणूस विचार करतो आहे असेच ऐकणारे धरून चालतात, आणि मागच्या बाकांवरची निम्मी मुले तर त्या वेळी स्वतःची पाळी कधी येणार याच विवंचनेत असतात. अमेरिकेत झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओशाळवाणे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना खोलीत पाठवले गेले. खोलीतल्या सुमारे निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल असे त्यांना वाटले, प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच ते लक्षात आले होते.

मूळ अडचण लक्ष आत वळते ही आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली मांडल्याप्रमाणे, सामाजिक चिंता असलेला माणूस समोरच्यांकडे पाहायचे सोडून स्वतःच स्वतःचा प्रेक्षक होतो : आवाज कापतोय का, कान लाल झाले का, किती वेळ झाला. म्हणून पुढच्या वेळी प्रश्न आला की तो आधी मोठ्याने पुन्हा उच्चारा. विचाराला अवधी मिळतो हे आहेच, पण मुख्य म्हणजे तेवढ्यापुरते लक्ष विचारणाऱ्याच्या शब्दांवर जाते.

प्रश्न : संक्रांतीनंतर हळदीकुंकवाची बोलावणी येतात. आठ दिवस आधीपासून पोटात गोळा, तिथे मी असते वीस मिनिटे, आणि नंतर चार रात्री तेच आठवत राहते. ती वीस मिनिटे मला तासाभराची का वाटतात?

ताई, तुमचाच हिशेब पाहा : वीस मिनिटांसाठी तुम्ही बारा दिवस मोजता आहात. आधीची धास्ती आणि नंतरची उजळणी हे दोन्ही या त्रासाचेच भाग आहेत, आणि माझ्या मते खरी झीज तिथेच होते.

लांबल्याची जाणीव पुष्कळदा आठवणीत तयार होते. २००७ सालच्या एका प्रयोगात माणसांना ३१ मीटर उंचीवरून जाळ्यात पडू दिले. दुसऱ्यांच्या पडण्याला लागलेल्या वेळेपेक्षा स्वतःचे पडणे त्यांना सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक लांब वाटले. मात्र पडताना मनगटावरचे भराभर बदलणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा स्पष्ट वाचता आले नाहीत. काळ त्या क्षणी संथ झाला नव्हता, तो मागाहून लांब भासला. तुमच्या बाबतीत तर ध्यान बशी धरलेल्या हाताच्या थरथरीवर असते, त्यामुळे रात्रीच्या उजळणीत बाकी सगळे कल्पनाच भरून काढते.

एक करून पाहा. वाण कोणते होते, हलव्याचे दागिने कोणी घातले होते, शेजारच्या बाईंनी कशाविषयी सांगितले, अशा तीन बाहेरच्या गोष्टी टिपून या आणि घरी आल्यावर लिहून काढा. दाराजवळची जागा धरून लगेच निघण्याची सवयही थोडी मोडायला हवी. अस्वस्थता शिगेला असतानाच बाहेर पडलात, तर ती आपोआप उतरते हे कळायला वावच राहत नाही.

प्रश्न : चाटी गल्लीत माझे कापडाचे दुकान आहे. व्यापाऱ्यांच्या बैठकीत दहा मिनिटांचे बोलणे मी चार मिनिटांत उरकतो आणि काय बोललो ते आठवत नाही. इतरांची वेळ लांबते, माझी आखडते, हे कसे?

दोन्ही होते. विजेचा हलका झटका कोणत्याही क्षणी बसू शकतो, असे सांगून केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत चिंतेत असलेल्यांनी वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी धरली. मन काळजीतच गुंतले की ठोके मोजायला लक्ष उरत नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. शिवाय भराभर बोलणे ही लवकर सुटका करून घेण्याची धडपडही असते. गिऱ्हाईकासमोर साडी उलगडून पदर दाखवताना आपण अशी घाई करत नसाल, कारण तेव्हा नजर त्याच्या चेहऱ्यावर असते. बैठकीतही एकेक वाक्य एकेका माणसाकडे पाहून बोला, आणि कागदावर दोन ठिकाणी पाण्याचा घोट घेण्याची खूण करून ठेवा.

प्रश्न : मुलगी बावीस वर्षांची आहे. तोंडी परीक्षा, समारंभ, सगळे टाळते. लाजरी आहे, लग्नानंतर सुधारेल असे नातेवाईक म्हणतात. डॉक्टरांकडे न्यावे का?

न्यावे. असे सहा महिने किंवा अधिक चालले असेल आणि त्यापायी शिक्षण अडत असेल, तर त्याला लाजरेपणा म्हणून सोडून देऊ नये. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती यात चांगली उपयोगी पडते. गरज पडल्यास औषधेही असतात, मात्र त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आपल्या शासकीय रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवता येईल, आणि आधी नुसते बोलून पाहायचे असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते. लग्नाविषयी म्हणाल, तर शेकडो पाहुण्यांसमोर तासन्‌तास उभे राहून फोटो काढून घेण्याचा समारंभ या दुखण्यावर उपाय म्हणून सुचवावा, असे मला तरी वाटत नाही.