एमी होण्याआधी

बाळा,

कोरियातल्या शाळेत इंग्रजी शिकवताना काय काय झालं ते सांगणारा तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज तुझ्या आईने मला पाठवला. तुला न विचारता पाठवला, त्याबद्दल तिच्याशी भांड. मी तो दोनदा ऐकला. मार्चमधली थंडी, किमचीत कोळंबीचं खारवण निघालं ते, कचऱ्याची पिशवी चुकली म्हणून घरमालकिणीने दारावर डकवलेली चिठ्ठी, यातल्या कशाचीही मला काळजी वाटली नाही. पिशव्या ज्या त्या भागाच्या विकत घ्याव्या लागतात, उरलंसुरलं अन्न वेगळं टाकायचं असतं, हे दिवाळीपर्यंत तूच दुसऱ्या कुणाला शिकवशील. शिक्षकदिनाला, १५ मेला, कुणी साधं फूल दिलं नाही म्हणून हिरमुसलीस, तेही सोड. २०१६ पासून तिथे भेटवस्तूंचा कडक कायदा आहे. फुलंसुद्धा वर्गाच्या वतीने, सगळ्यांसमोर द्यायची. तुझ्या शेजारच्या कोरियन बाईंनाही कुणी गुपचूप काही दिलेलं नाही, विचार हवं तर.

पण नवव्या मिनिटाला तू सहज बोलून गेलीस, की सहशिक्षिका म्हणाल्या, तुझं नाव मुलांना जमत नाही, 'एमी' चालेल का? आणि मुलांनाही एकेक इंग्रजी नाव देऊन टाक, म्हणजे तास सोपा जाईल. त्यावर तू म्हणालीस, "घेते, काय फरक पडतो!"

पडतो. म्हणून हे पत्र.

मी २०१२ च्या फेब्रुवारीत गेले. भारत-कोरिया कराराने पदवी आणि इंग्रजीचं शिक्षक-प्रमाणपत्र असलेल्यांना शाळेत सहायक म्हणून जायची वाट २०१० मध्ये उघडली होती. त्याआधी भाषा शिकवायला येणाऱ्यांचा ई-२ व्हिसा म्हणजे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, एवढ्या सात देशांचंच कुरण. मी गांगवॉन प्रांतातल्या एका गावात पडले. डोंगर, बटाटे, फौजी छावण्या आणि हाडं गोठवणारा हिवाळा. पहिल्याच दिवशी मला 'लिसा' केलं. मीही झाले. माझं नाव जोडाक्षराचं, त्यात सुरुवातीलाच 'व', जो त्यांच्या बोलीत नाही. बिचाऱ्यांना कशाला त्रास, असं म्हणाले. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. लिसा म्हटलं की मी सातांतली एखादी वाटेन, असं कुठेतरी आत होतं. तुझ्याही आत आहे. "मी कुठली खरी वॉनॉमिन" असं तू तीनदा म्हणालीस. हे रडगाणं मी ऐकणार नाही. वॉनॉमिन, म्हणजे जन्मापासून ती भाषा बोलणारी, ही पाटी त्यांनी लावली आहे, तू नाही. व्हिसावर तुझा देश छापलेला आहे. तू कुणाला फसवलेलं नाहीस. फसवणूक 'एमी'पासून सुरू होईल.

तर लिसाची गोष्ट. दुसऱ्या हिवाळ्यात शाळेच्या उतारावर बर्फावरून घसरले, मनगट सुजलं. सहशिक्षिका मला दवाखान्यात घेऊन गेली. भली बाई, माझी पिशवीसुद्धा तिनेच धरली होती. बऱ्याच वेळाने नर्सने कार्डावरचं नाव पुकारलं. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं, अगदी आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं, पण कोरियन अक्षरांत चेचून निघालेलं. पुन्हा पुकारलं. मी उठायला लागले तर सहशिक्षिकेने माझा दंड धरून बसवलं आणि नर्सला म्हणाली, "त्या आमच्या नाहीत." दोन वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारी बाई! तिची काय चूक? मीच सांगितलं नव्हतं.

प्लास्टर घालून घरी आले, खालून तापवलेल्या जमिनीवर आडवी झाले आणि पहिल्या वर्षाच्या वर्गाचा जुना फोटो बाहेर काढला. मागे माझ्याच अक्षरात नावं: केविन, जेसिका, दोन एमिली, एक स्पायडरमॅन. (त्याने हट्टच धरला होता.) त्यातल्या एकाचंही खरं नाव मला माहीत नव्हतं. आजही नाही. त्या दोन एमिलींपैकी एक मुलगी मला रोज वाचनालयात कागदाची होडी आणून द्यायची. ती आता पंचविशीची असेल. मी तिला शोधू कशी? एमिली म्हणून?

तेव्हापासून माझं डोकं फिरलं, असं तुझी आई म्हणते. असेल. पण नाव नीट घ्यायचं, हे मी तेव्हा ठरवलं आणि त्यावरून मागे हटले नाही.

आता तू म्हणशील, दोनशे साठ मुलं, अकरा वर्ग, कशी पाठ करू? अगं, तुझ्याकडे देवनागरी आहे! गोऱ्या शिक्षकांचं घोडं रोमनमध्ये अडतं. 'एस-ई-ओ' दिसलं की ते 'सिओ' म्हणतात, आणि पोर मान खाली घालतं. तू हांगुल, म्हणजे त्यांची लिपी, शिक, एका शनिवार-रविवारचं काम आहे, आपल्या बाराखडीसारखीच जोडणी. मग नाव आपल्या लिपीत लिही: सॉयॉन, मिनजुन, जिहुन. 'ऑ' आणि 'ओ' वेगळे लिहायची सोय आपल्याला आहे, ती वापर. आडनावाने हाक मारायच्या भानगडीत पडू नकोस, पाचात एक किम निघतो. वहीत वर्गातल्या बाकांचा नकाशा काढ, रोज एक रांग. चुकशील, ती हसतील, हसू दे. त्या हसण्यात तुझा जितका धडा होतो तितका पुस्तकातल्या 'हाऊ इज द वेदर'मध्ये होत नाही.

आणि तुझं नाव? फळ्यावर लिही. आधी देवनागरीत, मग हांगुलमध्ये. 'व'चा 'ब' होईल, होऊ दे. पिझ्झाचं 'पिजा' आणि कॉफीचं 'कॉपी' चालतं, तर तुझ्या नावाचं थोडं इकडेतिकडे झालेलं का चालू नये? मोडकं का असेना, ते तुझं नाव आहे.

माझी घरमालकीण हालमॉनी, म्हणजे आजी, तेव्हा ब्याऐंशीची होती. एकदा मी तिला केविन-जेसिकाची गंमत सांगायला गेले, ती हसली नाही. १९४० साली जपानी राजवटीने कोरियन लोकांना जपानी धर्तीची नावं घ्यायला लावली, तेव्हा ती शाळेत होती. खाणाखुणा आणि शब्दकोश करत तिने मला सांगितलं, की १९४५ नंतर वर्गात पहिल्यांदा तिच्या खऱ्या नावाने हाक आली, तेव्हा ती 'हजर' म्हणायचीच विसरली. केविन आणि जपानी राजवट मी एका तागडीत घालत नाही. मुलं तर हौसेने केविन होतात. पण त्या संध्याकाळनंतर माझ्याच्याने कुणाला केविन म्हणवलं नाही.

तुझ्या कानावर आलंच असेल, की मावशीचं पाचव्या वर्षाचं कंत्राट झालं नाही. शेवटच्या वर्षी उपमुख्याध्यापक म्हणाले होते, चाळीस मिनिटांच्या तासातली सहा मिनिटं तुम्ही हजेरीत घालवता. हो, घालवत होते. प्रत्येकाचं नाव घ्यायचं, त्याने माझं घ्यायचं, मग एक प्रश्न. तो इंग्रजीचा तासच होता! जे पोर वर्षभर तोंड उघडत नव्हतं ते निदान एवढं बोलायचं. कंत्राट त्यामुळे गेलं असं मला वाटत नाही, त्या वर्षी पैशांचीही ओढाताण होती. आणि त्यामुळे गेलं असेल, तर गेलं. मी परत येऊन मिरजेत क्लास काढला, चाललाय बरा. तिथेच राहिले असते तर आज माझीही तिथे टिकलेल्या शिक्षकांसारखी दहाच्या वर वर्षं झाली असती, बँकेत चार पैसे असते, हे मला कळत नाही असं समजू नकोस. हिशेब मी अनेकदा करून बघितला आहे.

पण भांडू नकोस हं. माझी चूक तीही झाली. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलले, आणि तिथे वरिष्ठाला चारचौघांत तोंडावर 'नाही' म्हटलं की नंतर दुरुस्ती होत नाही. तू सहशिक्षिकेला एकटीला गाठ. बुधवारी शिक्षकांचा व्हॉलीबॉल असेल तर जा, चेंडू येत नसला तरी जा. खाणावळीतल्या बाईला 'इमो' म्हणतात ते ऐकलंस ना? म्हणजे मावशीच. आपणही भाजीवालीला तेच म्हणतो. अशा शेजारपाजारच्या गोष्टी काढ, मग हळूच सांग, की मला माझंच नाव बरं वाटतं, आणि मुलांची मी पाठ करते. भारतीयांना एकोणीसचा पाढा येतो अशी तिथे ख्याती आहे. म्हणावं, आमच्या आज्या तर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा म्हणायच्या, दोनशे साठ नावांचं काय घेऊन बसलात!

आणि मेसेजमध्ये तू म्हणालीस, "पाचवी-दोनमधला एक मुलगा, मागच्या बाकावर, सारखा झोपतो, त्याचं करू काय?" त्याचं नाव काय आहे? पुढच्या फोनवर मी आधी तेच विचारणार आहे.

गोडा मसाला आणि मेतकूट सोमवारी टपालात टाकते. पत्ता हांगुलमध्ये लिहून पाठव, आणि नाव रेसिडन्स कार्डावर आहे तसं, पूर्ण. एमी लिहिलंस तर पार्सल माझ्याकडे परत येईल.

तुझी मावशी