लातूरहून संभाजीनगरला कारमधून कुत्रा नेताना त्याला कसं बांधावं?

तुमचा प्रश्न असा: दीड वर्षाचा, २४ किलोचा कारवान जातीचा कुत्रा हॅचबॅकमधून लातूर-अंबाजोगाई-केज-बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला न्यायचा आहे. आजवर तो मागच्या सीटवर मोकळाच बसत आलाय. आता गळपट्ट्याला साखळी लावून ती हेडरेस्टला अडकवली तर चालेल का? आणि शेतावर पिकअपच्या हौद्यातून नेताना काय करायचं?

गळपट्ट्याला बांधू नका आणि हेडरेस्टलाही बांधू नका. छातीवरून जाणारं हार्नेस घाला, ते आखूड पट्ट्याने मागच्या सीटच्या खाचेतल्या अँकरला जोडा आणि कुत्र्याला मागे डाव्या बाजूला बसवा. आता हे नीट कसं करायचं ते सांगतो, कारण हार्नेस आणलं तरी पट्ट्याची लांबी आणि त्यातले जोड याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, आणि खरा धोका तिथेच असतो.

करकचून ब्रेक दाबला तरी कुत्र्याला पुढे ढकलणारं बळ त्याच्या वजनाएवढंही नसतं. तुमच्या कुत्र्यासाठी ते वीस किलोच्या आसपास भरेल, आणि तेवढं बाजारातला कोणताही पट्टा सोसतो. म्हणूनच ‘आमचा दोन-तीनशेचा पट्टा कधी तुटला नाही’ असं लोक खात्रीने सांगतात. त्या पट्ट्याची परीक्षा फक्त ब्रेकवर झालेली असते. धडकेचं गणित वेगळं आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर सरासरी बळ वजनाच्या सुमारे २० पट होतं. २४ किलोच्या कुत्र्यासाठी म्हणजे ४८० किलो. वेग ८० असेल तर त्याच्या अंगातली ऊर्जा अडीच पटीहून जास्त होते, आणि समृद्धीवरच्या १२० च्या मर्यादेला तर जवळजवळ सहापट. मोकळा कुत्रा हे सगळं घेऊन पुढच्या सीटवर, म्हणजे पुढे बसलेल्या माणसाच्या पाठी-मानेवर जाऊन आदळतो. त्या माणसाने स्वतः बेल्ट लावलेला असला तरी मागून येणाऱ्या या वजनापासून तो त्याला वाचवत नाही.

हे बळ गळपट्ट्यावर आलं तर सगळा भार मानेचे मणके आणि श्वासनलिकेवर येतो. धडक दूरच राहिली, घाटातल्या वळणावर सीटवरून पाय घसरला तरी गळफास बसू शकतो. कारवानचं डोकं निमुळतं आणि मान जवळपास डोक्याएवढी जाड असते, म्हणून मागे ओढ घेतली की साधा पट्टा कानांवरून निघून येतो. तो आवळून घट्ट केला तर मुक्या जनावराचे हालच होतात. गळपट्टा गळ्यात राहू द्या, पण तुमचा मोबाइल नंबर कोरलेल्या बिल्ल्यापुरता.

हेडरेस्ट माणसाचं डोकं मागे जाताना अडवण्यासाठी असतो. दोन दांड्यांवर आणि एका छोट्या खटक्यावर उभा. पुढे आणि वर ओढ बसली की तो निघून हातात येऊ शकतो. शिवाय तो उंचावर असल्यामुळे कुत्र्याला खाली बसता यावं म्हणून पट्टा लांब सोडावा लागतो, आणि लांब पट्टा आपल्याला नकोच आहे.

मग बांधायचं कशाला? मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या खाचेत बोटं घालून बघा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तिथे जाड तारेचे दोन लोखंडी आकडे लागतात, एकमेकांपासून साधारण २८ सेंटिमीटरवर. हे आयसोफिक्सचे, म्हणजे लेकराची सीट अडकवायचे अँकर. ते गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात आणि लेकराची सीट व लेकरू मिळून ३३ किलोपर्यंतचा भार धरून केलेले असतात. २४ किलोचा कुत्रा त्यात बसतो. पट्ट्याच्या टोकाला आयसोफिक्सची कडी शिवून मिळत असेल तर उत्तम. नसेल तर गिर्यारोहणाचा कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, वापरा, ज्यावर किलोन्यूटनमध्ये ताकद कोरलेली असते. २२ लिहिलं असेल तर तो सुमारे २,२०० किलो सोसतो. चावीच्या जुडग्याला लावतात तसले रंगीत कॅराबिनर यात अजिबात वापरू नका. त्यांचं तोंड सरळ होऊन उघडतं.

गाडी जुनी असेल आणि अँकर नसेल तर गाडीचाच सीटबेल्ट हार्नेसच्या पाठीवरच्या जाड लूपमधून ओवून बकलमध्ये लावा. मात्र तो बेल्ट हिसका बसल्यावरच अडकतो, एरवी सैल सुटत राहतो, म्हणून कुत्रा गोल फिरला की बेल्ट पायात गुंडाळला जातो. अधूनमधून नजर ठेवायला मागे कुणी बसलेलं असावं. तिसरा प्रकार थेट बकलमध्ये खुपसायच्या जिभेचा पट्टा, जो दुकानात सर्रास मिळतो. त्यात दोन अडचणी येतात. जिभेची रुंदी तुमच्या बकलला जुळली नाही तर ती अर्धवट बसते, म्हणून ‘टक्’ आवाज आल्यावर जोरात ओढून बघा. आणि कुत्र्याचा पंजा लाल बटणावर पडला तर पट्टा सुटतो.

आता लांबी. गाडी थांबली की कुत्रा त्याच वेगाने पुढे जात राहतो, पट्टा ताणला जाईपर्यंत. पट्टा जितका ढिला, तितका तो उशिरा आणि तितक्याच जोरात हिसका देतो. जे बळ हळूहळू यायला हवं होतं ते एका क्षणात येतं. त्यात हॅचबॅकमध्ये मागच्या आणि पुढच्या सीटमधली जागा कमी. पट्टा ६० सेंटिमीटरचा ठेवला तर तो ताणला जायच्या आधीच कुत्र्याचं डोकं पुढच्या सीटला लागतं, म्हणजे बांधून उपयोग काहीच नाही. कुत्र्याला बसता यावं आणि आडवं होता यावं, पण पुढचे पाय सीटच्या कडेखाली टाकता येऊ नयेत, एवढीच लांबी हवी. अँकर खाली खाचेत असल्यामुळे त्याला ३० ते ४० सेंटिमीटर बहुधा पुरतात. आधी त्याला सीटवर आडवा करा, तेव्हा पाठीवरच्या कडीपासून अँकरपर्यंतचं अंतर मोजा, आणि त्यात चार बोटं वाढवा. रबर घातलेले ताणणारे पट्टे मला पटत नाहीत. रोजच्या धक्क्यांना ते मऊ वाटतात, पण धडकेत लांब होतात आणि आपण मोजूनमापून ठेवलेलं अंतर वाया जातं.

हार्नेस घेताना रंग आणि कापड नंतर बघा, आधी ओढीची वाट बघा: अँकरपासून कुत्र्याच्या छातीपर्यंत भार कशाकशातून जातो. त्या वाटेवर प्लास्टिकचं क्लिप-बकल आलं तर ते सगळ्यात आधी फुटेल. कमी-जास्त करायला प्लास्टिक चालेल, भार धरायला नाही. कडी वेल्ड केलेली हवी. नुसती तार वाकवून टोकं जुळवलेली असेल तर ती फाकते. साखळीला असतो तो फिरता, खटक्याचा हूक बऱ्याचदा ओतीव हलक्या धातूचा असतो आणि पिनेपाशी तुटतो. पट्टी ३८ ते ५० मिलिमीटर रुंद पॉलिएस्टर किंवा नायलॉनची घ्या आणि शिवण चौकोनात फुली अशी, नायलॉनच्या दोऱ्याने. सुती दोरा घाम, लाळ आणि उन्हाने कुजतो. असं काम ताडपत्री किंवा गाडीचे सीट कव्हर शिवणारे कारागीर जाड मशीनवर व्यवस्थित करून देतात. आपल्याकडच्या दुकानांतली बहुतेक हार्नेस फिरवायला नेण्यासाठी केलेली असतात. अमेरिकेतली सेंटर फॉर पेट सेफ्टी ही संस्था गाडीतल्या हार्नेसची धडक-चाचणी घेऊन प्रमाणपत्र देते. स्लीपीपॉडच्या क्लिकिट मालिकेला ते मिळालेलं आहे. महाग आहे, पण परवडत असेल तर तेच घ्या. साधं हार्नेस भक्कम करून वापरणार असाल तर वेग कमी ठेवा. ते कुत्र्याला ड्रायव्हरच्या अंगावर येऊ देणार नाही आणि ब्रेकला सावरेल, पण ताशी ८० च्या धडकेत ते टिकेल असं मी म्हणणार नाही.

माप घेताना कारवानची छाती खोल आणि कंबर बारीक, हे विसरू नका. वजनावर दिलेल्या मापाच्या तक्त्यात तो नीट बसत नाही. पुढच्या पायांच्या मागून, छातीच्या सगळ्यात खोल भागावरून टेप फिरवा आणि त्यावर साइज ठरवा. घातल्यावर पट्टीखाली दोन बोटं सपाट जावीत, तिसरं नाही. मागचा पट्टा पोटावर सरकत असेल तर माप चुकलं आहे. धडकेत तो मऊ पोटावर आवळला जाईल. या जातीला केस तोकडे आणि कातडी पातळ, म्हणून काखेत घासून लवकर जखम होते. तिथे पट्टीला मऊ कापड लावून घ्या.

डावी बाजू यासाठी की आपल्याकडे डावं दार रहदारीच्या उलट्या बाजूला उघडतं. मधोमध बसवला तर पुढच्या दोन सीटांमधली फट थेट समोर येते. पुढच्या सीटवर किंवा कुणाच्या मांडीवर तर मुळीच नको. एअरबॅग माणसाच्या बसण्याच्या हिशोबाने फुगते, कुत्र्याला ती जिवावर बेतू शकते. चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणाला किंवा काहीही बसवू-ठेवू नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२५ सांगतं, त्यामुळे कुत्रा ड्रायव्हरच्या मांडीवर हा विषयच संपतो. सीटपुढची पाय ठेवायची जागा गाठोडी किंवा घट्ट भरलेल्या बॅगांनी सीटच्या उंचीपर्यंत भरून टाका. त्यावर हॅमॉक, म्हणजे पुढच्या आणि मागच्या सीटला अडकवायचं झोळीसारखं कापड, अंथरला तर केस आणि माती आवरते, पण हॅमॉक म्हणजे बांधणं नव्हे. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक आणि काचांचं लॉक दोन्ही लावा, पंजाने काच खाली होते.

निघायच्या दिवशी पहिल्यांदा हार्नेस घालू नका. आठवडाभर आधी घरातच घालून जेवण द्या, मग बंद गाडीत बसवा, मग इंजिन चालू करून, मग गावातल्या गावात एक फेरी. घाई केली तर तो पट्टा चावतो, आणि कारवानचे दात नायलॉनची पट्टी बघता बघता कापतात. गुंगीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. तोल जातो आणि शरीराचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते. उलटीचा त्रास असेल तर पशुवैद्यकांकडून औषध घ्या. खोल छातीच्या जातींना पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, म्हणून पोटभर खाणं निघण्याआधी पाच-सहा तास. पाणी मात्र थोडं थोडं देत राहा.

रस्त्याचं म्हणाल तर मांजरसुंब्याच्या घाटात वेग उतरवा. वळणावर माणूस हाताने धरतो, कुत्र्याला धरायला काही नसतं. गाळप हंगामात अंधार पडल्यावर निघू नका. रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते आणि सगळा हिशोब त्या एका ब्रेकवर येऊन थांबतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे निघून दहाच्या आत पोचायचं बघा. थांबल्यावर ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं, आणि बाहेर ४२ असेल तर पुढचं सांगायला नको. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. तो जोरजोरात धापा टाकत असेल, लाळ चिकट झाली असेल, लडखडत असेल तर सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा.

उतरवताना क्रम पाळा: दार उघडण्याआधी आतूनच हार्नेसला हातातली दोरी लावा, मग अँकरची कडी सोडा, मग दार. हायवेवर निसटलेला कारवान धावून पकडता येत नाही.

पिकअपबद्दल. हौद्यात साखळीने बांधलेला कुत्रा कडेवरून उडी मारतो आणि साखळीला लटकतो. माझं ठाम मत आहे की त्याला केबिनमध्ये, खाली शेजारी बसलेल्याच्या पायाशी, हार्नेस घालून न्या. हौदाच वापरायचा असेल तर लोखंडी पिंजरा घ्या, ज्यात त्याला उभं राहता येईल, वळता येईल आणि आडवं होता येईल, त्याहून मोठा नको. तो केबिनच्या पाठीला टेकवून चारही कोपऱ्यांतून रॅचेट बेल्टने (खटक्याने आवळायच्या पट्ट्याने) हौद्याच्या कड्यांना आवळा. दोरी धक्क्यांनी सैल होते. पिंजराही नसेल तर हार्नेसच्या कडीपासून दोन आखूड पट्टे, एक डाव्या आणि एक उजव्या कडीला, म्हणजे कुत्रा मधोमध राहील आणि कोणत्याही फळीपर्यंत पोचणार नाही. हे फक्त शेतरस्त्यावर, सावकाश. हौद्याचा पत्रा उन्हात तापून पंजे भाजतात, म्हणून खाली दुहेरी बारदान ओलं करून अंथरा आणि वर सावलीला ताडपत्री, बाजू मोकळ्या ठेवून.