लेकीचं प्रॉम, घरात आजी-आबा, आणि 'नाही' कोणी म्हणायचं

पत्र (२०२०, कोविडच्या साथीचा उन्हाळा): ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी यंदा हायस्कूलमधून पास आउट होतेय. मार्चमध्ये कोविडमुळे शाळा बंद झाली ती उघडलीच नाही, प्रॉम, म्हणजे हायस्कूल संपतानाचा नाचाचा समारंभ, रद्द झालं. आता पुढच्या आठवड्यात शाळा फुटबॉल ग्राउंडवर ग्रॅज्युएशन करतेय, एका मुलामागे दोनच पाहुणे. पण काही पालकांनी मिळून ११ जुलैला एकांच्या बॅकयार्डमध्ये प्रायव्हेट प्रॉम ठरवलंय. ४० मुलं, टेंट, डीजे, जेवण, माणशी १२० डॉलर, आणि काही झालं तर कोणीच जबाबदार नाही अशा कागदावर सही. सगळ्यांनी आधी टेस्ट करायची म्हणे. माझे सासू-सासरे जानेवारीत पुण्याहून नातीच्या ग्रॅज्युएशनसाठी आले ते इथेच अडकलेत. सासूबाईंना डायबेटिस, सासऱ्यांची बायपास झालीये. प्रॉमचा ड्रेस सासूबाईंनी स्वतःच्या पैठणीचा शिवून आणलाय. मी नको म्हणाले तर लेक चार दिवस बोलत नाहीये, नवरा म्हणतो आयुष्यात एकदाच येतं, जाऊ दे. ग्रुपवर एकीने लिहिलं की काही लोक फारच घाबरतात. दुसरीने मला वेगळा मेसेज केला की मलाही नको वाटतंय पण बोलणार कोण. आणि सासूबाईच म्हणतात, पाठव तिला, मी माझ्या खोलीत बसेन. मी चुकतेय का? — एडिसनची एक आई

अगं, तू चुकत नाहीयेस. ११ तारखेला तिला पाठवू नकोस. हे आधीच सांगून टाकलं, पण नाही कसं म्हणायचं आणि कोणी म्हणायचं यावर मला जास्त बोलायचंय, कारण तुझं पत्र वाचताना माझा जीव तिथे अडकला.

आधी लेकीचं बघू. आपण इथे शाळेत गेलो नाही त्यामुळे प्रॉम म्हणजे एक नाचाची पार्टी असं आपल्याला वाटतं, आणि मग पार्टीच तर आहे, पुढे कॉलेजात होतील की ढिगाने, असं तोंडातून निघून जातं. हे वाक्य तिला अजिबात म्हणू नकोस, आणि म्हणाली असशील तर सॉरी म्हण. आपला दहावीचा निरोप समारंभ आठव, कॉलेजमधला साडी डे आठव, ते सगळं एका संध्याकाळी आणि तेही किंडरगार्टनपासूनच्या १३ वर्षांच्या सोबतीनंतर. ही पोरं २००१-०२ मध्ये जन्मली, ९/११ च्या आगेमागे, आणि शाळा संपताना हे. मार्चमध्ये दोन आठवड्यांनी भेटू म्हणून घरी आली आणि वर्गात परत बसलीच नाहीत, कोणाशी नीट निरोप नाही, इयरबुकवर सह्या नाहीत. ती चार दिवस बोलत नाहीये ते तुझ्यावरच्या रागाने असेलही, पण त्यात रडू पण खूप आहे गं.

मला हे कळतं कारण एप्रिलमध्ये माझे बाबा कोल्हापूरला वारले. भारताने २३ मार्चपासूनच विमानं बंद केली होती. मी इथे किचनमध्ये पहाटे फोन टेबलावर उभा करून सगळं बघितलं, भावाच्या हातातला फोन हलत होता, धड काही दिसलं पण नाही. लोक मला म्हणाले की यावर्षी सगळ्यांचंच असं झालंय. खरं होतं ते, पण त्याने मला काडीचाही दिलासा मिळाला नाही. म्हणून लेकीला सगळ्यांचंच गेलंय असं सांगू नकोस, तुझं काय काय गेलं ते मला सांग म्हण, आणि ऐकत बस, मध्ये बोलू नकोस.

आता ११ तारखेचं. शाळेच्या ग्रॅज्युएशनला जरूर जा, तू आणि नवरा. आजी-आबांना घरी फोनवर दाखवा. राज्याने ६ जुलैपासून ही परवानगी दिलीये ती उघड्यावर, मास्क लावून, लांब लांब खुर्च्यांवर बसून. प्रॉमचा प्रकारच वेगळा. डीजे लावला की कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, जेवताना मास्क निघतो, नाचताना परत कोणी लावत नाही, आणि पाऊस आला किंवा शेजारी आवाजाची तक्रार करतील म्हणून टेंटच्या बाजू खाली सोडल्या की झाली बंद खोली. वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका गायकवृंदाची प्रॅक्टिस झाली, बंद हॉलमध्ये अडीच तास, ६१ माणसं. सर्दीसारखं होत असलेली एकच व्यक्ती त्यात होती आणि ५३ जणांना हा आजार झाला किंवा झाल्याची दाट शक्यता निघाली, दोघं गेले. नुसत्या गाण्याच्या प्रॅक्टिसमधून. आणि आपल्या शेजारच्या न्यूयॉर्कमधलं चॅपाक्वा गावाचं तर अगदी ताजं आहे, २० जूनला गाड्यांमध्ये बसून ग्रॅज्युएशन झालं, पण फ्लोरिडाहून आलेली एक व्यक्ती पॉझिटिव्ह निघाली, आणि मुलं नंतर शाळेबाहेरच्या कार्यक्रमाला आणि पार्ट्यांना एकत्र जमली होती. गव्हर्नर क्युओमोंना स्वतः जाहीर करावं लागलं आणि तिथे गेलेल्यांना घरात बसायला सांगितलं. तिथले पालक काही बेजबाबदार नव्हते, तुमच्या ग्रुपवरचे आहेत तसेच प्रेमळ असणार.

टेस्टवर ग्रुप एवढा विसंबलाय म्हणून सांगते. टेस्ट ज्या दिवशी केली त्या दिवसाचंच सांगते. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तर टेस्ट निगेटिव्हच येऊ शकते. मंगळवारी नाकात काडी घालून शुक्रवारी रिपोर्ट आला तर मधल्या तीन दिवसांत ४० पोरं कुठे कुठे फिरली? ४ जुलैचा, इथल्या स्वातंत्र्यदिनाचा, वीकेंड पण त्याच्या आधीच आहे, कोणाचे चुलतभाऊ टेक्सासहून येतील, कोणी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन येईल. आणि तो सहीचा कागद, त्याने फार तर कोर्टकचेरी टळेल, ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना त्याचा काय उपयोग.

काही जण म्हणतील की ३ जुलैपासून बाहेर ५०० माणसांना परवानगी मिळतेय मग ४० चं काय एवढं. अगं तो आकडा अख्ख्या राज्यासाठी आहे, तुझ्या घरासाठी नाही. याच राज्यात या आजाराने आत्तापर्यंत, जून २०२० अखेर, १३ हजारांहून जास्त माणसं गेलीयेत. तुझ्या घरात बायपास झालेला माणूस आहे आणि डायबेटिस असलेली बाई आहे, दोघंही व्हिजिटर व्हिसावर, आणि त्यांचा इन्शुरन्स आधीपासूनच्या आजारांचं किती देतो ते एकदा बारीक अक्षरातलं वाचून बघ, नवऱ्याला पण वाचायला लाव. त्याच्याशी प्रॉमवरून वाद घालू नकोस. त्याला एवढंच विचार की बाबांना आयसीयूमध्ये ठेवलं आणि आपल्याला आत सोडलं नाही तर पुण्याला घरी फोन कोण करणार. कडू आहे, पण नवरा-बायकोने एकदा बंद दाराआड बोलायलाच हवं, मुलीसमोर नाही.

सासूबाई म्हणतात मी खोलीत बसेन. किती गोड आहेत, पण हे ऐकायचं नाही. आपल्या आज्या असंच बोलतात, माझं काय राहिलंय आता, म्हणतात. एक किचन, एकच एसी, जेवायला एक टेबल, आणि नात सकाळी उठून आजीच्या कुशीत शिरणारी, १४ दिवस कशी काय खोलीत बसणार त्या? आणि त्यांनी का बसावं?

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. लेकीला हे असं सांगू नकोस की तूच ठरव, तू आता १८ ची आहेस, आजीचं काय ते बघ. ऐकायला मोकळेपणा वाटतो पण त्या पोरीच्या खांद्यावर किती मोठं ओझं टाकतोय आपण! ती गेली आणि नंतर आजीला काही झालं, कदाचित दुकानातून आणलेल्या कशाने झालं असेल, तरी ती जन्मभर म्हणेल माझ्या नाचामुळे झालं. आणि नाही गेली तर आजीमुळे माझं प्रॉम गेलं हे मनात कुठेतरी राहील. दोन्ही नको. म्हणून नाही तू म्हण, स्वतःच्या नावावर म्हण, "मी तुझी आई आहे, मी पाठवणार नाही, राग माझ्यावर काढ." तुला आजी प्यारी नाही का, हे वाक्य तर चुकूनही नको. दार आपटेल, आपटू दे. ती ग्रुपवर मैत्रिणींना सांगेल की आई सोडत नाहीये, तेही सांगू दे, त्याने तिची सुटकाच होते, तिला स्वतःला घाबरट ठरावं लागत नाही.

आणि एक-दोन दिवसांनी, राग थोडा उतरला की, तिला विचार की तुझ्या जवळच्या चार जणी कोण. चारच, आणि तीच ठरवेल कोण ते. त्या आपापले ड्रेस घालून तुमच्या बॅकयार्डमध्ये येऊ देत संध्याकाळी, सहा-सहा फुटांवर खुर्च्या, प्रत्येकीचं जेवण आपापल्या डब्यात, मिठ्या नाहीत, घरात कोणी यायचं नाही, गाणी हळू आवाजात. नवऱ्याला झाडांवर दिव्यांच्या माळा लावू दे. हे प्रॉम नाहीये आणि तिला प्रॉम म्हणून विकू पण नकोस, तिला लगेच कळेल. कदाचित ती नको म्हणेल, तेही चालेल, मग दुसरं काही ती सुचवेल. पण आजीने पुण्याहून जपून आणलेली पैठणी कपाटात पडून राहायला नको, आजी-आबांना वरच्या खिडकीत खुर्च्या टाकून दे. जानेवारीत मापाने शिवलेला ड्रेस आता बसतोय का तेवढं आधी बघा, चार महिने घरात बसून सगळ्यांचीच मापं बदललीयेत, आणि उसवायची वेळ आली तर ते काम सासूबाईंनाच दे, लेकीला शेजारी बसव.

ग्रुपवर मोठा मेसेज लिहू नकोस, त्याने फक्त भांडण वाढतं. आमच्या घरी वयस्कर माणसं आहेत म्हणून आम्ही येत नाही, मुलांना शुभेच्छा, एवढंच टाक, आणि १२० डॉलर भरले असशील तर परत मागायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. पण त्याआधी त्या दुसऱ्या आईला फोन कर, जिने तुला वेगळा मेसेज केला. आजच कर. तिची मुलगी त्या चार जणींत असली तर बघ.